सोळा आण्यांची जमीन, दोन आण्यांचा माळ

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने मुळेवरील पूल ओलांडून दापोडी आणि फुगेवाडी मागे टाकली म्हणजे जी वस्ती लागते आणि जिच्या उत्तर टोकाशी नाशिकचा रस्ता उजवीकडे फुटतो, ती कासारवाडी एखाद्या नगररचनाकारास उत्तम पाठ देऊ शकेल अशी जागा आहे. पूर्वेस सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाची विस्तीर्ण आणि कुंपणबंद भूमी, पश्चिमेस लोहमार्ग, त्यापलीकडे पवनेचे पात्र, आणि पात्राच्या पैलतीरास पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर ही एकेकाळची शेतकरी गावे. या सर्वांच्या मधोमध जो चिंचोळा पट्टा उरतो त्यात वाडी, कारखाने, चाळी, सदनिका, उड्डाणपूल आणि ६ मार्च २०२२ रोजी धावू लागलेल्या मेट्रोचे खांब असे सारे काही दाटीवाटीने उभे आहे. येथे आणखी किती माणसे राहू शकतील, हा प्रश्न आज महानगरपालिकेस पडला आहे. पण या भूमीची मोजदाद काही आज प्रथम होत नाही. गेल्या तीन शतकांत ती अनेक वेळा काठीने, साखळीने, फुटपट्टीने आणि अलीकडे उपग्रहाच्या डोळ्याने मोजली गेली, आणि दर वेळी मोजणाऱ्याचा हेतू निराळा असल्यामुळे तीच जमीन कधी विपुल, कधी दुर्मिळ, कधी निरुपयोगी तर कधी अमूल्य ठरली.

मराठी अमदानीतील मोजणीचा इतिहास सांगताना शिवकाळातील अण्णाजी दत्तोंच्या काठीचा उल्लेख हटकून केला जातो. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, हे कोष्टक शाळेतल्या इतिहासात आपण पाठ केलेले असते. मला मात्र त्या काठीपेक्षा पेशवाईतील थळझाडा, म्हणजे गावच्या जमिनीची थळवार नोंद, अधिक बोलका वाटतो. पुणे प्रांतातील गावाची जमीन थळांत विभागलेली असे, आणि थळ म्हणजे केवळ क्षेत्र नसून ज्या मूळ कुळाने ती जमीन वाहितीस आणली त्याच्या नावाने ओळखला जाणारा हक्काचा तुकडा होता. त्या थळाचा धनी गावात नांदत असला तर तो मिरासदार. तो परागंदा झाला असला तरी त्याची मिरास सहसा बुडत नसे आणि कित्येक वर्षांनी परतलेल्या वंशजास ती मागण्याचा अधिकार गाव मान्य करी. आणि त्याचा वंशच उरला नसेल तर ती जमीन गतकुळी म्हणून नोंदली जाई. डॉक्टर टॉमस कोट्स यांनी पेशवाई बुडाल्यावर लगेच पुण्याजवळील लोणी या गावाचे जे सविस्तर वर्णन लिहिले, त्यातही ही थळांची आणि गतकुळांची व्यवस्था स्पष्ट दिसते. पडीक जमीन नव्याने लावावयाची झाल्यास कमाविसदार उपऱ्यास कौल देई आणि इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे वर्षागणिक चढत्या क्रमाने, सारा बसवी. परंतु तो कौल देताना ती पडीक कोणाची, हे आधी पाहावे लागे. नांगर न लागलेली प्रत्येक जमीन मोकळी असते, असा भ्रम त्या दप्तरदारांस नव्हता.

इंग्रजी अंमल आला आणि मोजणीस शास्त्राचा डौल प्राप्त झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात जी पाहणी आरंभिली तिच्यामागे निव्वळ उत्पन्नाचा शंभरातील पंचावन्न भाग सरकारचा, असे अर्थशास्त्रातून उचललेले तत्त्व होते. ते कागदावर निर्दोष आणि शेतावर घातक निघाले. आकारणी अवाजवी ठरली, धारा थकला, आणि इंदापूरकडील रयत गावे सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूरपासूनच कामाचा पुनरारंभ केला, आणि १८४७ च्या संयुक्त प्रतिवृत्ताने जी पद्धती स्थिर केली तीच थोड्याफार फरकाने आजच्या सातबाऱ्याच्या मुळाशी आहे. त्यांनी तत्त्वज्ञान बाजूस ठेवले आणि कुदळ हाती घेतली. जमिनीचे रंगावरून तीन वर्ग, खोलीवरून नऊ प्रती. पावणेदोन हात खोल काळी असेल तर सोळा आणे, आणि वीतभरही नसलेल्या मुरमाड माळाला दोन-तीन आणे. त्यातही वाळू, चुनखडी, उतार, पाण्याचा लोंढा असे दोष आढळले तर त्यांच्या खुणा करून प्रत आणखी खाली उतरविली जाई. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांत विभागलेली. तिचा चौरस म्हणजे गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जेथे मुळीच पीक येणार नाही तो भाग पोटखराबा म्हणून वगळावयाचा आणि त्यावर आकार ठेवावयाचा नाही.

या व्यवस्थेत पवनेकाठची काळी मळई अग्रभागी आणि हमरस्त्याच्या बाजूचा भोसरीकडे चढत जाणारा माळ पिछाडीस, हे उघडच होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी घरे आणि कारखाने आले तेव्हा हीच उतरंड उलटी झाली. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उभारलेल्या भिंतीस तडे पाडते. उलट मुरूम पाया धरतो, पाणी झिरपू देतो आणि खोदाईचा खर्च वाचवितो. विंगेटच्या कारकुनाने दोन आणे लिहिलेला माळ बांधकाम करणाऱ्याच्या हिशेबी सोळा आण्यांचा ठरला. नदीकाठच्या सोळा आणे जमिनीवर मात्र आज निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत आणि त्यांच्या आत घर बांधण्यास कमीअधिक प्रतिबंध आहे. जमिनीची गुणवत्ता जमिनीत नसून तिच्याकडून आपण काय मागतो त्यात असते, हे मान्य केल्याशिवाय भूमीच्या पुरवठ्याचा कोणताही तक्ता वाचू नये असे मला वाटते.

विंगेटची ही नवी व्यवस्था थळझाड्याहून एका बाबतीत दरिद्री होती. तिने जमीन सर्व्हे नंबरांत बांधली, प्रत्येक नंबराचा एक खातेदार ठरविला, आणि त्या खातेदाराने सारा भरला की दप्तराची जिज्ञासा तेथेच संपली. खातेदाराच्या मागे उभे असलेले भाऊबंद, बहिणी, विधवा, सावकार आणि अर्धेलीने कसणारा कूळवाडी या नकाशात नव्हते. वाडीला तर बहुधा स्वतःचा नकाशाही नसे. तिची शेते मूळ मौज्याच्या दप्तरात मोजली जात. याच काळात, १४ जून १८५८ रोजी, खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि या पट्ट्याची पश्चिम सीमा कायमची ठरून गेली. पण त्यामुळे येथे कोणी राहावयास आले असे नाही. आगगाडी येथून जात असे, इतकेच.

सर्व्हे नंबराच्या आड दडलेली माणसे मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न कासारवाडीच्या अगदी समोर, पवनेच्या पैलतीरी झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. चहामळ्यांच्या मातीचा अभ्यास करून दख्खनमध्ये आलेल्या या गृहस्थाने आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि त्याची माती, पाणी, पिके, गुरे, कर्ज आणि धारणा यांची इतकी बारकाईने तपासणी केली की १९१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ भारतातील ग्रामसर्वेक्षणाचा आरंभ म्हणून आजही मानला जातो. त्यातील एक आकडेमोड पुढे अर्थशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांनी उतरवून घेतली. १७७१ साली, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या वर्षांत, या गावी सरासरी धारणा चाळीस एकर होती. १८१८ त ती साडेसतरा एकर झाली. १८२० ते १८४० च्या दरम्यान चौदा. आणि १९१४-१५ त अवघी सात. गावातील १५६ जमीनमालकांच्या हाती ७२९ वेगवेगळे तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते.

या आकड्यांचा अर्थ त्या काळी शेतीच्या दृष्टीने लावण्यात आला आणि तो योग्यच होता. मला मात्र त्यात आजच्या गृहप्रश्नाची जन्मपत्रिका दिसते. मॅन यांना जे गाव दिसले ते काही अन्नाला महाग म्हणून पुण्याकडे धाव घेणारे ओसाड खेडे नव्हते; शहराच्या अगदी उशाशी असलेले, शहराच्या बाजारावर अंशतः जगणारे गाव होते. अशा गावी जमिनीचा तुकडा पिकापुरता निरर्थक झाला तरी मालकास निरर्थक होत नाही. तो त्याचा गावावरील हक्क असतो, मुलीच्या लग्नाचे तारण असते आणि भावाशी चाललेल्या वादातील शेवटचे ठाणे असते. तुकडा जितका लहान होतो तितकी त्याभोवतीची माणसे वाढतात.

या तुकड्यांवर उपाय काय, याविषयी दोन मते पुढे आली. एक मत महसूल अधिकाऱ्यांचे: कायद्याने तुकडे थांबवावे आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणावे. दुसरे मत १९१८ साली एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, लहान धारणांवरील आपल्या निबंधात मांडले: धारणा मोठी की लहान हे केवळ एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम राबतात त्यावर ठरते, जमिनीवर बेकार श्रमाचे ओझे आहे, आणि ते ओझे उद्योगधंद्यांनी उचलल्याखेरीज कितीही बांध मोडले तरी रोग बरा होणार नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात लहान धारणांचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी त्यास विरोध केला. ते विधेयक तडीस गेले नाही. पण अधिकाऱ्यांचे मत मेले नाही, आणि १९४७ साली मुंबई प्रांताने तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा केला. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास बंदी झाली.

गंमत अशी की पवनेच्या काठी हे दोन्ही उपाय एकाच वेळी लागू झाले, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडून तिसरेच काही जन्मास आले. उद्योग तर इतक्या वेगाने आले की आंबेडकरांच्या प्रतिपादनाचा जणू प्रयोगच येथे मांडला गेला. १९५४ त पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच्या आधीच फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांची वसाहत तेथे उभी राहत होती. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी येथील माळ औद्योगिक क्षेत्र म्हणून घेतले जाऊ लागले. टेल्को, बजाज, आणि खुद्द कासारवाडीत फोर्ब्स मार्शल अशी नावे या पट्ट्याच्या भूगोलाचा भाग झाली. मुंबईतील दाटी कमी करावी हे शासनाचे धोरण, रेल्वे व हमरस्ता यांची सोय, पवनेचे पाणी, आणि दोन आण्यांच्या माळाची स्वस्ताई या चारही गोष्टी जुळून आल्या. कारखान्यांस भूमी लागली ती शेकडो एकरांच्या सलग तुकड्यांत, आणि भूसंपादनाच्या कायद्याने ती मिळालीही. कामगारास राहावयास लागणारी जमीन मात्र एक-दोन गुंठ्यांची होती, आणि ती कायदेशीर मार्गाने मिळण्याची वाटच तुकडेबंदीने बुजविली होती.

मग जे व्हावयाचे ते झाले. सात-बाऱ्यावर अविभक्त हिस्सा, मुद्रांकावर साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, आणि शेतात चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा. एवढ्या सामग्रीवर गुंठा हातोहात विकला जाऊ लागला. साताऱ्याहून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या जोडारीने आपल्या बोनसातून अर्धा गुंठा घ्यावा, पहिल्या वर्षी पत्र्याची खोली, तिसऱ्या वर्षी विटांच्या भिंती, मुलगा कामास लागला की वर मजला. भाऊबंदकीने त्रस्त झालेल्या शेतकऱ्यास रोख रक्कम मिळावी. आणि दोघांनाही ज्याची भीती तो फेरफार मात्र कधीच होऊ नये. विंगेटच्या साखळीचा चौरस, जो शेतसाऱ्याच्या आकारणीसाठी जन्मला, तो असा घराचे परिमाण बनला. सरकारने या प्रकारास गुंठेवारी हे नाव मान्य केले आणि २००१ साली ती नियमित करण्याचा स्वतंत्र अधिनियम केला. २०२१ त तो २०२० च्या अखेरपर्यंतच्या गुंठेवारीसही लागू केला. दरम्यान महानगरपालिकेच्या हद्दीत २००८ पासून अनधिकृत बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्तीकर बसू लागला. ज्याचे घर पाडता येत नाही त्यास दंड करता येतो, अशी त्यामागील व्यवहारी बुद्धी असावी. पण परिणाम असा झाला की थकबाकी घराच्या किमतीच्या बरोबरीने वाढू लागली, आणि अखेर २०२३ साली तो माफ करावा लागला. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्रही त्याच वर्षी जिरायतीस वीस आणि बागायतीस दहा गुंठे असे खाली आणण्यात आले. गुंठेवारीस केवळ बेकायदेशीर म्हणून हिणविणाऱ्या सुशिक्षितांविषयी मला फारसा आदर नाही. या नगरातील कामगाराच्या घरासाठी जमिनीचा पुरवठा प्रत्यक्षात ज्या बाजाराने केला तो हाच.

नियोजनाने काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९६५ साली अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांचा विचार करण्यास समिती नेमली गेली. तिच्या प्रतिवृत्तातून प्रादेशिक नियोजनाचा विचार दृढ झाला आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. ४ मार्च १९७० रोजी अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, आणि दोनच वर्षांनी, १४ मार्च १९७२ रोजी, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाची कल्पना उदात्त होती. कारखान्यांलगतच्या गावांची जमीन घाऊक घ्यावी, पेठा पाडाव्यात, रस्ते, गटारे, शाळा आधी कराव्यात, आणि मग नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने भूखंड व घरे कामगारांस द्यावीत. निगडी-आकुर्डीकडील पेठा आजही या शहरातील सर्वांत सुटसुटीत वस्त्या आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु ज्यांची जमीन १९७२ ते १९८३ च्या दरम्यान गेली त्यांना विकसित जमिनीतील साडेबारा टक्के परतावा नव्हता. पुढील संपादनात तो आला, आणि मागच्यांची मागणी दशकानुदशके सरकारदरबारी फिरत राहिली. ज्यास एका हाताने घेतल्याचा मोबदला पुरेसा वाटला नाही त्याने दुसऱ्या हातातली उरलेली जमीन प्राधिकरणास न देता गुंठ्यांनी विकली; आणि संपादनाखालील कित्येक क्षेत्रांत ताबा घेण्यापूर्वीच घरे उभी राहिली. नकाशावर पेठ, जमिनीवर आळी, अशी अवस्था झाली. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा कारभार महानगरपालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटला गेला.

सत्तरच्या दशकातच केंद्र सरकारने शहरी जमिनीची एक विराट मोजदाद आरंभिली होती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्याचा नागरी समूह ‘ब’ वर्गात घातला. एक हजार चौरस मीटरहून अधिक रिकामी जमीन धारण करणाऱ्या प्रत्येकाने विवरणपत्र भरावे, अतिरिक्त जमीन सरकारने घ्यावी आणि तीवर दुर्बल घटकांची घरे बांधावीत, असा तो बेत. देशभर मिळून सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन अतिरिक्त ठरली आणि त्यातली प्रत्यक्ष ताब्यात आली ती १९ हजारांच्या आसपास. बाकीची सवलतीच्या आदेशांत, न्यायालयात आणि कारखान्यांना दिलेल्या सुटीत अडकली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ त हा कायदा रद्द केला. कागदावरील अतिरिक्त आणि हातातील उपलब्ध यांत किती अंतर असू शकते, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल.

दरम्यान लोक येतच होते. १९७१ त लाखाच्या आसपास असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ त दहा लाखांच्या वर आणि २०११ त सतरा लाखांच्या वर गेली. १९८२ त महानगरपालिका झाली, १९९७ त अठरा गावे जोडली गेली, २००९ त ताथवडेही आले. म्हणजे भूमीचा पुरवठा कमी पडला की हद्द वाढवावयाची, हा सर्वांत सोपा उपाय तीन वेळा योजून झाला. आता तो फारसा उरलेला नाही. पश्चिमेस देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचे निर्बंधित क्षेत्र, ज्याला सारे शहर ‘रेड झोन’ म्हणते. दिघीकडेही तसेच एक. पूर्वेस लष्कराची कुंपणे. मध्ये नदी आणि तिच्या रेषा. उरले ते कारखान्यांचे आवार. जे बंद पडले किंवा चाकणच्या मोकळ्या माळाकडे सरकले त्यांची जमीन औद्योगिक विभागातून निवासी विभागात बदलून घेता येते, आणि त्यातील काही भाग सार्वजनिक सोयींसाठी पालिकेस सोडावा लागतो. हमरस्त्याच्या दोहो बाजूंस अशा जागी मनोरे उठले आहेत. शेत, कारखाना, सदनिका ही तीन रूपे एकाच सर्व्हे नंबराने साठ-सत्तर वर्षांत धारण केली. आणि जेथे लेथवर काम करणारा माणूस उभा राहत असे तेथे आता त्याच्या मुलास परवडणार नाही अशी घरे आहेत, हा त्यातील अप्रिय भाग.

२०२५ साली महानगरपालिकेने सबंध शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. हे अपरिहार्यच होते, कारण आराखड्याच्या पूर्वतयारीस कायद्याने जी विद्यमान भूवापराची पाहणी करावी लागते तीत जमिनीचा रंग ठरतो तो तिच्यावर काय उभे आहे यावरून. काही उभे नसेल तर ती रिकामी. विंगेटचा कारकून खोली पाहत असे, आमचा सर्वेक्षक छप्पर पाहतो. दोघांच्याही तक्त्यात माणूस नाही. याउलट इंग्लंडमधील नगरसंस्थांना पुढील पाच वर्षे पुरेल इतक्या घरबांधणीयोग्य जागांची सूची ठेवावी लागत आली आहे, आणि तेथे जागा सूचीत घेताना ती योग्य आहे काय याबरोबरच ती मिळण्याजोगी आहे काय आणि त्या मुदतीत तीवर घर होऊ शकेल काय, असे प्रश्न विचारले जातात. हा दुसरा प्रश्न आम्हांस परका असण्याचे कारण नाही. तो थळझाड्याचाच प्रश्न आहे.

पिंपळे सौदागरच्या १५६ मालकांचे आज किती वारस असतील याचा हिशेब कोणी केला तर तो घरांच्या पुरवठ्याविषयी कोणत्याही रंगीत नकाशापेक्षा अधिक सांगेल. मळ्याचे शिल्लक राहिलेले पंधरा गुंठे नकाशावर पिवळे, म्हणजे निवासी, दिसतात. पण त्यात तीन पिढ्यांचे भाऊ, १९५६ च्या वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने हक्क मिळालेल्या बहिणी, कूळकायद्यातील एक जुनी नोंद, पतसंस्थेचा बोजा आणि दिवाणी न्यायालयातील वाटपाचा दावा असेल, तर ते पंधरा गुंठे पुढील वीस वर्षांच्या पुरवठ्यात धरणे ही आत्मवंचना आहे. इनामी, देवस्थानी वा नवीन शर्तीच्या जमिनीचा प्रकार तर आणखी बिकट. याच्या उलट, कागद निर्वेध असलेली एक गुंठा जागा, जिच्यावरील बैठ्या घराचे दोन मजले होऊ शकतात, ती पाहणीच्या तक्त्यात ‘व्याप्त’ म्हणून गळून जाते, वास्तविक कासारवाडीसारख्या जुन्या वस्तीत नव्या बिऱ्हाडास जागा मिळते ती बहुतेक अशाच ठिकाणी, कोणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर.

सातबारा आता संगणकावर आहे. २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीने मिळतो. इतर हक्कांचा रकाना, फेरफाराची नोंदवही आणि वारसांचा गाव नमुना सहा-क हे सारे जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरात हजर आहे. नगररचना विभागाचा भूवापर नकाशा दुसऱ्या दप्तरात आहे. दोन्हींत सर्व्हे नंबर तोच असतो, निदान जेथे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका निघालेल्या नाहीत तेथे तरी. तेव्हा एकाच्या प्रत्येक पिवळ्या तुकड्यापुढे दुसऱ्यातील हिस्सेदारांची संख्या, बोजा, दावा आणि शर्त एवढे चार रकाने लिहिण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. प्रारंभ करावयाचा तर तो पिंपळे सौदागर आणि कासारवाडी या समोरासमोरच्या दोन काठांवर करावा, कारण त्यांपैकी एका काठाचा १९१४-१५ सालचा हिशेब ताडून पाहण्यास तयार आहे.